पुण्यात टेनिस अंपायर व्हायचं तर

अंपायरचा टी-शर्ट घालून लिफ्टमध्ये उभी राहिले की सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पैसे मिळतात का हो यात?" मिळतात. पहिल्या स्पर्धेत मला दिवसाचे 800 रुपये मिळाले, तेही स्पर्धा संपून महिना उलटल्यावर. स्कूटरचं पेट्रोल, टोपी, उन्हाचं क्रीम आणि कार्यशाळेची फी धरली तर पहिलं वर्ष पदरमोडीचंच जातं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सगळं वाचून झाल्यावर कुणाचा हिरमोड नको.

मी हिशोबाची कामं करते, घरूनच. मुलगी दहावीपर्यंत टेनिस खेळली. तिच्या मागे फिरता फिरता शहरातल्या बहुतेक कोर्टांशेजारचे बाक मला पाठ झाले: डेक्कन जिमखाना, भांडारकर रोडचं पीवायसी, म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल, शिवाय बाणेर-वाकडकडच्या अकादम्या. दहावीनंतर तिने रॅकेट माळ्यावर टाकली. माझा मात्र स्पर्धेच्या ठिकाणी चक्कर मारायचा नाद सुटेना.

ज्यांनी कुमार गटाच्या स्पर्धा पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या कॅलेंडरवर टॅलेंट सीरिज, चॅम्पियनशिप सीरिज, सुपर सीरिज अशा चढत्या पायऱ्या असतात, वयोगट 12 पासून 18 पर्यंत. पहिल्या दोन दिवसांत मुलांची एवढी गर्दी असते की प्रत्येक कोर्टावर खुर्चीत अंपायर बसवणं शक्यच नसतं. सहा-आठ कोर्टांमध्ये दोन-तीन माणसं फिरत असतात, ते रोव्हिंग अंपायर. बाकी मॅच मुलांच्या भरवशावर चालते. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर हे आपण सांगायचं, लगेच आणि मोठ्याने. शंका आली तर तो आतच धरायचा. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर पुकारायचा. नियमात काहीच खोट नाही. पण 5-5 ला, कुंपणाच्या जाळीबाहेर वडील हाताची घडी घालून उभे असताना, बारा वर्षांच्या पोराने शंकेचा फायदा समोरच्याला द्यावा ही अपेक्षा फार मोठी आहे. मग भांडणं होतात, आणि फिरता अंपायर नेमका पलीकडच्या टोकाच्या कोर्टावर असतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अशाच एका स्पर्धेत मी रेफरींना, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्यांना, म्हटलं, "चार नंबरवर कुणीतरी पाठवा हो, मगाचपासून मुलं नुसती वाद घालताहेत." त्यांनी ड्रॉमधून, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यातून, मान वर न करता उत्तर दिलं, "मॅडम, वर्षानुवर्षं बाकावरून सांगताय. एप्रिलमध्ये कार्यशाळा आहे, आत या की." ते चिडून म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

फॉर्म मिळवण्यातच मार्च गेला. आयोजकांच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीचाच फॉर्म होता, ईमेलला उत्तर नाही, दिलेला फोन कुणी उचलेना. शेवटी एका प्रशिक्षकाने मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं, तिथे सगळं होतं. म्हणून पहिला सल्ला हा, की संकेतस्थळाची वाट पाहू नका. कुठल्याही स्पर्धेच्या रेफरी डेस्कवर खेळाडूंचं सकाळचं साइन-इन, म्हणजे हजेरी, आटोपल्यावर जा आणि "पुढची अंपायर कार्यशाळा कधी" एवढंच विचारा. साइन-इनच्या वेळी अजिबात जाऊ नका, कुणी ओळख दाखवणार नाही.

कागद साधेच लागले: आधार कार्ड, दोन फोटो, बारावी किंवा पदवीची गुणपत्रिका, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला. चष्मा चालतो, चष्म्यासह नजर पूर्ण हवी. कर्वे रोडवरच्या दवाखान्यात तपासणीचे 300 रुपये झाले. कार्यशाळेची फी 3000 रुपये, त्यात पुस्तिका आणि दोन दिवसांचं जेवण. एप्रिलची तारीख पुढे ढकलली गेली, कारण पुरेसे अर्जच आले नव्हते. पुण्यासारख्या शहरात, जिथे संध्याकाळी कोर्ट मिळवायला रांग लागते, तिथे अंपायर व्हायला वीस माणसं मिळू नयेत याचं मला नवल वाटलं. आता वाटत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अखेर कार्यशाळा झाली. आम्ही जेमतेम पंधरा-सोळा जण होतो. निम्मी कॉलेजची मुलं, काही मार्कर (क्लबात सभासदांबरोबर खेळून त्यांना सराव देणारे), दोन शाळांचे क्रीडाशिक्षक, एक निवृत्त बँकवाले काका आणि मी. सकाळी वर्गात नियम, उन्हं उतरल्यावर कोर्टावर प्रात्यक्षिक.

वर्गातला भाग मला आवडला, कबूल करते. इतकी वर्षं बघूनही कितीतरी गोष्टी नीट ठाऊक नव्हत्या. दुहेरीची जाळी तशीच ठेवून एकेरीची मॅच खेळवायची असेल तर जाळीला आधार म्हणून दोन दांड्या लावतात, सिंगल्स स्टिक. सर्व्हिसचा बॉल जमिनीला लागण्याआधी त्या दांडीला लागला तर फॉल्ट, म्हणजे ती सर्व्हिस चुकली. तोच बॉल रॅलीत दांडीला लागून आत पडला तर चांगला, खेळ सुरू. खेळाडूची टोपी गुण चालू असताना पहिल्यांदा पडली आणि समोरच्याला अडथळा झाला, तर लेट, म्हणजे गुण पुन्हा खेळायचा. मुद्दाम अडथळा आणला तर गुण गेला. चालू गुणात हातातून सुटलेली रॅकेट जाळीला लागली, गुण गेला. शेजारच्या कोर्टावरून बॉल घरंगळत आला, लेट. दोन कोर्टांमध्ये खिळखिळ्या जाळ्या असलेल्या आपल्या क्लबांत हा शेवटचा नियम दिवसातून दहा वेळा वापरावा लागतो.

शिक्षा देण्याचा क्रम दोन तास चालला. दोन गुणांमध्ये 25 सेकंद, बाजू बदलताना 90, सेट संपल्यावर 120. वेळ घालवला तर पहिल्यांदा ताकीद. त्यानंतर सर्व्हिस करणाऱ्याची एक सर्व्हिस फॉल्ट धरली जाते, परतवणाऱ्याचा मात्र गुण जातो. गैरवर्तनाची शिडी वेगळी: ताकीद, गुण, गेम. त्यापुढे काय करायचं ते रेफरी ठरवतो. आणि सगळ्यात उपयोगी भेद: बॉल आत पडला की बाहेर, ही घडलेली गोष्ट, त्यावर खुर्चीतल्या अंपायरचा शब्द शेवटचा. नियम चुकीचा लावला असं वाटलं तरच खेळाडूला रेफरी बोलावता येतो. हा फरक पालकांच्या तिकिटावर छापायला हवा, पण कुमार स्पर्धांना तिकीटच नसतं.

एक गोष्ट खटकली. आम्हाला दिलेली पुस्तिका जुनी होती. तिच्यात मॅच चालू असताना प्रशिक्षकाने काही सांगणं सरसकट गुन्हा होतं. प्रत्यक्षात 1 जानेवारी 2025 पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने कोर्टाबाहेरून थोडक्यात मार्गदर्शन करायला नियमांत जागा करून दिली आहे, गुण चालू नसताना; स्पर्धा घेणारी संस्था ते चालू ठेवायचं की नाही हे ठरवते. शिकवणाऱ्या सरांनी तोंडी दुरुस्ती सांगितली, ते भले गृहस्थ. पण ज्याने घरी फक्त पुस्तिका वाचून परीक्षा दिली असती त्याचं काय? महासंघाच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे नियम फुकट मिळतात. मोबाइलमध्ये तेच उतरवून घ्या, पुस्तिकेवर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेखी परीक्षा, बहुतेक प्रश्न पर्यायांचे आणि शेवटी काही प्रसंग. ती इंग्रजीत होती. मार्कर म्हणून वीस वर्षं कोर्टावर काढलेला एक माणूस माझ्या शेजारी होता. बॉलचा टप्पा त्याच्याइतका अचूक आमच्यात कुणीच ओळखत नव्हतं. पण प्रसंगांचे प्रश्न वाचतानाच त्याची वेळ संपली. तो नापास झाला. मला वाटतं, कार्यशाळेच्या सगळ्या पद्धतीत सुधारण्याजोगी पहिली गोष्ट हीच. स्कोअर इंग्रजीत पुकारायचा आहे, ठीक, तो त्याला येतोच. प्रश्नपत्रिका मराठीत दिली तर टेनिसचं काय बिघडणार आहे?

निकालाला सहा-सात आठवडे लागले. पास झाल्याचं ग्रुपवर कळलं, प्रमाणपत्र त्यानंतर आलं. आणि मग काहीच झालं नाही. जुलै सरत आला तरी फोन नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की ज्यांना अनुभव आहे त्यांनाच स्पर्धेला बोलावतात. अनुभव कुठून आणायचा, हे कुणी सांगेना. माझ्याबरोबर पास झालेल्यांपैकी निम्मे इथेच गळाले. कॉलेजची मुलं तर ऑगस्टपर्यंत ग्रुपमधूनही बाहेर पडली. नव्या अंपायरची गळती परीक्षेत होत नाही, परीक्षेनंतरच्या या रिकाम्या दोन-तीन महिन्यांत होते, असं माझं ठाम मत झालं आहे.

पूर्वी या रिकाम्या जागेत लाइनवरचं काम असायचं. 2018 ते 2023 या काळात, एक 2021 सोडलं तर, दरवर्षी बालेवाडीला एटीपी 250 दर्जाची, म्हणजे पुरुषांच्या जागतिक व्यावसायिक दौऱ्यातली, स्पर्धा होत होती. अशा मोठ्या स्पर्धेला रेषांचे निर्णय द्यायला लाइनवर भरपूर माणसं लागायची. नवखा माणूस खुर्चीत बसायच्या आधी एका रेषेवर उभा राहायचा, तासन्‌तास तेवढीच रेष बघायचा आणि नजर तयार व्हायची. आता ती सोय वरून आटत चालली आहे. ऑस्ट्रेलियन ओपनने 2021 मध्येच लाइनवरची माणसं काढली, 2025 पासून एटीपीच्या दौऱ्यावर रेषांचा निर्णय यंत्रं देतात, विम्बल्डननेही त्याच वर्षी लाइन जजना निरोप दिला. आपल्या खालच्या स्पर्धांना असं यंत्र परवडणं शक्य नाही, तिथे माणसाचीच नजर लागणार. म्हणजे नजरेची गरज तशीच आहे, ती तयार करण्याची जागा मात्र गेली.

माझं नशीब असं की कार्यशाळेतले ते सर सहकारनगरच्या बाजूलाच राहतात. खुर्चीत त्यांची तीस वर्षं गेली आहेत. आम्ही चौघं उरलो होतो, त्यांच्या मागे लागलो. एका क्लबने रविवारी संध्याकाळी एक कोर्ट दिलं, अट एवढीच की पाऊस थांबल्यावर पाणी आम्हीच ओढायचं. ऑगस्टमध्ये खेळण्यापेक्षा पाणी ओढण्यातच जास्त वेळ गेला.

सरांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बॉलकडे न बघणं. आपली नजर बॉलच्या मागे पळते. तो रेषेपाशी पोचतो तेव्हा डोळे हलत असतात आणि हलत्या डोळ्यांना टप्पा पुसटच दिसतो. बॉल रॅकेटवरून निघाला, रोख कळला, की बॉल सोडून द्यायचा आणि नजर आधीच रेषेवर नेऊन थांबवायची. मान स्थिर. बॉल मग आपणहून त्या चौकटीत येतो. समोरून मार्कर बॉल मारत होता, नापास झालेला तोच, आणि आम्ही बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, टोकाला गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. आधी आवाज, मग हात. "आउट" म्हणताना हात खांद्याच्या रेषेत आडवा. अगदी रेषेला चाटून गेलेला बॉल चांगला असेल तर तोंडाने काही नाही, दोन्ही तळवे एकत्र, जमिनीकडे. दिसलाच नाही तर हात डोळ्यांसमोर धरायचे, ते सांगण्यात कमीपणा नाही. प्रत्येक बॉलनंतर मार्कर आपलं मत सांगायचा. पहिल्या संध्याकाळी माझं आणि त्याचं दर तिसऱ्या बॉलला वाजायचं. दिवाळीपर्यंत क्वचित.

दुसरी गोष्ट म्हणजे नाटक. सर रडणारं पोर व्हायचे, चिडलेला बाप व्हायचे, "मागच्या वेळी तर रेफरींनी असं दिलं नव्हतं" म्हणणारा प्रशिक्षक व्हायचे. आम्ही आळीपाळीने अंपायर. बँकवाल्या काकांचा आवाज मुळातच करडा, त्यांना सरांनी हळू बोलायला लावलं. मला मोठ्याने. घरी बाल्कनीत "फिफ्टीन-लव्ह" चा सराव करताना खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर येऊन "सगळं बरंय ना गं?" म्हणून विचारलं होतं.

तिसरी गोष्ट कागदाची. सरांनी एक पानी तक्ता केला होता: उभं राहण्याची जागा, आवाज, निर्णयाला लागलेला वेळ, स्कोअरकार्ड, खेळाडूंशी बोलणं. आमच्यातलं कुणी काम करत असेल तेव्हा दुसऱ्याने बाजूला बसून तो भरायचा आणि मॅच संपल्यावर पाच मिनिटांत वाचून दाखवायचा. गुण नाहीत, नुसती वाक्यं. माझ्या पहिल्या कागदावर होतं, "निर्णय दिल्यावर खेळाडूकडे बघत राहता, मान्यता मागितल्यासारखं वाटतं. निर्णय द्या आणि पुढच्या सर्व्हिसकडे बघा." हे मला कुठल्याही पुस्तिकेत सापडलं नसतं.

सप्टेंबरच्या शेवटी सरांनी रेफरींशी बोलून आम्हा दोघांना एका टॅलेंट सीरिजला बिनपैशाचं सोबत ठेवायला लावलं. अनुभवी रोव्हिंग अंपायरच्या मागे चालायचं, बघायचं, बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी माणूस कमी पडला आणि मागची दोन कोर्टं माझ्याकडे आली.

बारा वर्षांखालच्या मुलींची मॅच. दोघी जाळीपाशी उभ्या. एक निळ्या टोपीची, एक दोन वेण्यांची. निळी टोपी म्हणे, "मी 4-3." वेण्या म्हणे, "मॅडम, खोटं बोलतेय, 4-3 मी आहे." जाळीबाहेर दोन्हीकडचे पालक आपापल्या मोबाइलवर स्कोअर दाखवायला तयार. तो बघायचा नसतो, बाहेरच्याचं ऐकून निर्णय देता येत नाही.

मी दोघींना म्हटलं, "आधी पाणी प्या." मग वहीत सात रेघा ओढल्या आणि शेवटून सुरुवात केली. आत्ताचा गेम कुणाचा? दोघींनी एकच नाव सांगितलं. त्याआधीचा? त्यावरही एकमत. असं करत पहिल्या गेमपर्यंत आलो. सहा गेमबद्दल काहीच वाद नव्हता, तीन हिचे, तीन तिचे. पहिला गेम मात्र दोघींनाही आपलाच वाटत होता. नियम सांगतो की दोघांना मान्य असेल तेवढं धरायचं, वादातलं तेवढं सोडायचं. म्हणजे 3-3. शेवटच्या गेममध्ये ज्या मुलीने सर्व्हिस परतवली तिने आता सर्व्हिस करायची.

वेण्यांचे डोळे भरून आले. तिची आई म्हणाली, "अहो मॅडम, तिने जिंकलेला गेम असा काढून कसा घेता?"

"काकू" म्हणावं की "ताई", हा प्रश्न मला तेव्हाही पडला. आम्ही एकाच वयाच्या. मी म्हटलं, "काढून कुणाचाच घेतला नाही हो. दोघींना पटलेले गेम तसेच आहेत. आता पुढे मी इथेच उभी आहे." आणि उभी राहिले, मॅच संपेपर्यंत. दर गेमनंतर सर्व्ह करणारीकडून स्कोअर मोठ्याने वदवून घेतला. पेपरात अगदी हाच प्रसंग होता आणि मी तो मिनिटात सोडवला होता. कोर्टावर दहा मिनिटं लागली. सरांच्या रडक्या पोराच्या नाटकाचा उपयोग झाला तो तिथे, नियम तर सगळ्यांनाच पाठ असतो.

खुर्चीत बसायला मिळालं डिसेंबरमध्ये, एका उपांत्य सामन्याला. त्याआधी खुर्चीखालची तयारी असते, ती कुणी फारशी सांगत नाही. जाळी मध्यभागी 91.4 सेंटिमीटर हवी. सिंगल्स स्टिक एकेरीच्या रेषेपासून तितक्याच अंतरावर बाहेर आणि 1.07 मीटर उंच. मी पिशवीत स्टीलची टेप ठेवते. टेप नसेल तर एक रॅकेट उभी आणि तिच्यावर दुसरी आडवी, डोक्याच्या रुंदीइतकी. जाळीचा मध्य साधारण तिथेच येतो. मग नाणेफेक, पाच मिनिटांचा सराव आणि स्कोअरकार्ड. प्रत्येक गुणाला तिरकी रेघ, एसला (समोरच्याच्या रॅकेटला न लागता गुण देणारी सर्व्हिस) ए, दोन्ही सर्व्हिस चुकल्या तर डबल फॉल्टचा डी, गैरवर्तनाच्या ताकिदीला सी, वेळेच्या ताकिदीला टी, पहिली सर्व्हिस चुकली की चौकोनात टिंब. पेन्सिल दोन न्या. पेनने लिहू नका, घामाने शाई फुटते. घड्याळ मोठ्या आकड्यांचं घ्या. मला 450 रुपयांचं लक्ष्मी रोडला मिळालं, ते अजून चालतंय. बाजू बदलताना 60 सेकंद झाले की "टाइम" पुकारायचं असतं आणि तेव्हाच नेमकं स्कोअरकार्डवर पुढच्या गेमला सर्व्हिस करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. हात आणि तोंड एका वेळी चालवायची सवय लागायला त्या मॅचचा पहिला सेट गेला.

सर खाली तक्ता घेऊन बसले होते. दुसऱ्या सेटमध्ये मुलाने रॅकेट जमिनीवर आपटली आणि मी ताकीद दिली. मॅचनंतर त्यांनी वाचून दाखवलं: "ताकीद बरोबर. आवाज शांत. सर्व्हिस करणाऱ्याचा पाय शेवटच्या दोन गेममध्ये रेषेवर होता, तिकडे बघा." फुटफॉल्ट हा प्रकार मी आता झोपेतही बघते.

मधल्या काळात एक ऑनलाइन भाग पुरा करावा लागला, सचोटीचा. टेनिसवर कुठलीही पैज लावायची नाही, ड्रॉ किंवा दुखापतीची आतली माहिती बाहेर द्यायची नाही, कुणी विचारलं तर कळवायचं. 2021 पासून इंटरनॅशनल टेनिस इंटेग्रिटी एजन्सी हे पाहते. सुरुवातीला मला हसू आलं, बारा वर्षांखालच्या मुलींच्या मॅचवर कोण सट्टा लावणार! पण 2016 मध्ये छोट्या स्पर्धांतल्या काही अंपायरांवर गुण टॅबवर मुद्दाम उशिरा टाकल्याचे आरोप गाजले होते. तेवढ्या काही सेकंदांत बाहेर सट्टेबाजांचं काम होतं. तेव्हा छोटी स्पर्धा म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. तासाभरात होतं, मोबाइलवर करू नका, शेवटची प्रश्नमंजुषा अडकते.

पुढची वाट मोठी आहे. आंतरराष्ट्रीय बॅज, म्हणजे अंपायरचा दर्जा, घ्यायचा तर आधी व्हाइट, मग खुर्चीसाठी ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड. त्यासाठी वर्षानुवर्षं मॅचच्या नोंदी लागतात, शिफारशी लागतात, बाहेरगावी राहावं लागतं. कॉलेजमधल्या मुलांनी जरूर तिकडे बघावं. माझं वय आणि मार्चअखेरची कामं पाहता मी मागच्या कोर्टांवरच बरी, तिथे माणसंही कमी आहेत.

जानेवारीत आम्ही आयोजकांना एक पत्र दिलं, सरांच्या सहीने. लेखी परीक्षा पास झालेल्याला तात्पुरतं प्रमाणपत्र द्या, मग ठरावीक मॅच कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करू द्या, त्या तक्त्यांवरून पक्कं करा. देखरेख करणाऱ्यालाही दिवसाचे पैसे द्या, फुकटात कोण किती दिवस बसेल? प्रश्नपत्रिका मराठीतही काढा. दरवर्षी नियम बदलले की एका संध्याकाळची उजळणी ठेवा. आणि प्रत्येक स्पर्धेच्या पहिल्या सकाळी पालकांना दहा मिनिटं समोर बसवून सांगा, की बॉल कोण सांगतं, रेफरी कधी येतो आणि जाळीबाहेरून काय चालत नाही. तोंडी उत्तर आलं की देखरेखीचं करून पाहू, यंदाच्या दोन स्पर्धांना. मराठी पेपराबद्दल "वर विचारावं लागेल." पालकांच्या दहा मिनिटांना रेफरींनी लगेच होकार दिला, ते काम मला लावलं. पहिल्या वेळी सात पालक आले. दुसऱ्या वेळी पोहे ठेवले, चाळीस आले.

मार्करने या मेच्या कार्यशाळेला पुन्हा नाव घातलं आहे. रविवारी पाऊस-ऊन काही असो, सराव झाल्यावर आम्ही त्याच्याकडून प्रसंगांचे प्रश्न इंग्रजीत वाचून घेतो, घड्याळ लावून.

तुम्ही या वर्षी अर्ज करणार असाल तर डोळ्यांचा दाखला फॉर्म निघायच्या आधीच काढून ठेवा. माझ्याकडून सहा महिन्यांच्या आतला मागितला होता, आणि मेच्या सुट्टीत डॉक्टरांची वेळ मिळता मिळत नाही.